एंगाडीन खोऱ्यात ग्रॅव्हल सायकल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या एंगाडीनबद्दल पुण्या-मुंबईतून आणि म्युनिक-झ्युरिकमध्ये राहणाऱ्या मराठी सायकलवाल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ग्रॅव्हल सायकल म्हणजे खडीच्या वाटांसाठी रुंद टायरांची, रोड बाइकसारख्या हँडलची सायकल. सोपे प्रश्न आधी, गुंतागुंतीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. एंगाडीन म्हणजे नेमका कुठला भाग? आणि तिथे ग्रॅव्हल सायकलच का?

ग्राउब्युंडेन कँटनमधलं (कँटन म्हणजे स्विस राज्य) इन नदीचं खोरं म्हणजे एंगाडीन. मालोया खिंडीपाशी (१८१५ मीटर) ते सुरू होतं आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या मार्टीना गावाशी (सुमारे १०३५ मीटर) संपतं. नदीकाठानं मोजलं तर अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं आत. याचे दोन भाग आहेत. वरचं एंगाडीन रुंद आणि जवळपास सपाट. तिथे सिल्स, सिल्व्हाप्लाना, शांफेर आणि सेंट मॉरिट्झ ही तळी एकापाठोपाठ एक येतात. त्सेर्नेत्सच्या थोडं आधी खालचं एंगाडीन सुरू होतं. तिथे नदी घळीत उतरते आणि गुआर्दा, आर्देत्स, फ्तान, सेंत ही गावं उतारावरच्या सपाट टप्प्यांवर वर राहतात.

ग्रॅव्हल सायकल अशासाठी, की मुख्य डांबरी रस्त्यावर उन्हाळ्यात मोटारी आणि मोटारसायकली भरपूर असतात, आणि वरच्या पायवाटा माउंटन बाइकच्या आहेत. या दोहोंच्या मध्ये शेतांच्या वाटा, जंगलखात्याचे रस्ते आणि नदीच्या बांधावरची बारीक खडी असं मोठं जाळं आहे. एंगाडीनमध्ये येऊन फक्त खिंडी चढून परत जाणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते खरी मजा खोऱ्याच्या तळाशी आणि बाजूच्या छोट्या खोऱ्यांत आहे.

२. मी शनिवार-रविवार सिंहगड घाट चढतो. मला झेपेल का?

पायांना झेपेल, फुप्फुसांना दोन दिवस द्या. वरच्या एंगाडीनमधली बहुतेक गावं कळसूबाईच्या शिखरापेक्षा (१६४६ मीटर) उंचावर आहेत. म्हणजे हॉटेलच्या दारात सायकलवर बसता तेव्हाच तुम्ही महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागेच्या वर असता. १८०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक-पंचमांशानं कमी असतो. सपाटीवर ते जाणवत नाही, पण आठ टक्क्यांच्या चढावर नेहमीचा वेग धरलात तर दम लागतोच. पहिले दोन दिवस तळ्यांकाठचा मार्ग (प्रश्न ७) करा आणि खिंडी नंतर घ्या. झोप नीट लागत नसेल, डोकं जड वाटत असेल, तर चढाचा बेत एक दिवस पुढे ढकला.

३. मार्ग कोणत्या दिशेनं करावा? उताराच्या दिशेनं सोपा असणार ना?

उतारापेक्षा वारा बघा. हा प्रश्न साधा वाटतो, पण एंगाडीनमधला अर्धा दिवस बरा जाणार की वाईट हे यावरच ठरतं.

डोंगराळ भागात साधारणपणे दिवसा ऊन तापलं की वारा खोऱ्याच्या खालच्या टोकाकडून वर वाहतो आणि रात्री उलट. वरच्या एंगाडीनमध्ये नेमकं उफराटं होतं. मालोयाच्या पलीकडे ब्रेगालिया खोरं आहे आणि ते खिंडीपासून एकदम खोल उतरतं. तिथली तापलेली हवा चढत वर येते आणि मालोयाशी तिला अडवायला डोंगराची भिंतच नाही, कारण एंगाडीनचं वरचं टोक उघडं आहे. त्यामुळे ती हवा खिंड ओलांडून इकडे सांडते आणि दुपारभर खोऱ्याच्या उताराच्या दिशेनं, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहत राहते. यालाच मालोया वारा म्हणतात. चांगल्या उन्हाच्या दिवशी तो दुपारच्या सुमारास जोर धरतो आणि संध्याकाळी पडतो. सिल्व्हाप्लानाच्या तळ्यावर पतंग बांधून पाण्यावर घसरणारे लोक दिसायला लागले की समजा, वारा सुटला.

यातून नियम साधा निघतो. मालोयाच्या दिशेनं जायचं असेल तर सकाळी लवकर निघा आणि परतीला वारा पाठीशी घ्या. दुपारी दोन वाजता सामेदानहून मालोयाकडे निघालात तर सपाट रस्त्यावर घाटाचे गिअर लावावे लागतील.

खालच्या एंगाडीनमध्ये मात्र नेहमीचा नियम परत लागू होतो, म्हणजे दुपारी वारा खालून वर. त्यामुळे श्कुओलकडे जाताना दुपारी उतार असूनही समोरून वारा लागतो. पूर्ण खोरं एका दमात करणाऱ्यांनी (प्रश्न ८) हे धरूनच वेळ काढावा.

एक आणखी खूण. मालोयाकडून तळ्यांवर लांबट, खाली लोंबणारा ढग सरपटत येताना दिसला तर त्याला इथे मालोयाचा साप म्हणतात. तो दिसला की हवा बिघडण्याची शक्यता धरायची.

४. कोणत्या महिन्यात यावं?

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. नदीकाठचे मार्ग लवकर मोकळे होतात. २२०० मीटरच्या वरच्या वाटांवर जूनअखेरपर्यंतही बर्फाचे पट्टे राहू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस मोठा असतो, पण दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. उघड्या खिंडीवर विजांच्या वेळी सायकलसह उभं राहणं हा धोका आहे, म्हणून खिंड दुपारच्या आत ओलांडून खाली यायची सवय ठेवा.

मला विचाराल तर सप्टेंबर. हवा स्थिर, गर्दी कमी. ऑक्टोबरमध्ये लार्चची झाडं सोनेरी होतात आणि त्यासाठी मुद्दाम येणारे बरेच असतात, पण तेव्हा काही हॉटेलं आणि डोंगरातली उपाहारगृहं हंगाम संपवून बंद होतात. सकाळचं तापमान ऑगस्टमध्येसुद्धा पाच अंशांपर्यंत उतरू शकतं. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वारा अडवणारं जॅकेट पुण्याहून निघताना हास्यास्पद वाटतं, तरीही घ्या.

५. टायर किती रुंद? गिअर कसे असावेत?

४० ते ४५ मिलिमीटर, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले). फक्त इनच्या काठानं जाणार असाल तर ३५ लाही चालतं, पण बाजूच्या खोऱ्यांत दगड टोकदार आहेत. पुढची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र यांचं प्रमाण एकास एक किंवा त्याहून हलकं हवं. शहरातल्या सायकलींना मिळणारे गिअर इथल्या दहा-बारा टक्क्यांच्या खडीच्या चढावर कमी पडतात: डांबरावर उभं राहून चढता येतं, खडीवर उभं राहिलात की मागचं चाक जागेवरच फिरतं. डिस्क ब्रेकचे पॅड निघण्याआधी तपासा आणि एक जोडी जवळ ठेवा. डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) तुमच्याच मॉडेलचा बरोबर घ्या, कारण तो दुकानात मिळेलच असं नाही.

६. भारतातून सायकल आणू की तिथे भाड्यानं घेऊ?

चार-पाच दिवसांसाठी भाड्यानं. सेंट मॉरिट्झ, पोंत्रेसीना, श्कुओल इथे दुकानं आहेत. पण दुकानात माउंटन बाइक आणि ई-बाइक जास्त, ग्रॅव्हल सायकली कमी असतात. आपल्या मापाची सायकल आधी ठरवून ठेवा, नाहीतर उंचीनं कमी असलेल्यांना, विशेषतः महिलांना, चुकीच्या मापावर दिवस काढावे लागतात. दोन आठवड्यांहून मोठा दौरा असेल तर स्वतःची आणा. पेडल आणि खोगीर मात्र दोन्ही वेळी स्वतःचंच.

७. पहिल्या दिवशी कोणता मार्ग करावा?

सेंट मॉरिट्झ ते मालोया आणि परत, साधारण ३५ किलोमीटर. सेंट मॉरिट्झ बाडपासून (गावाचा खालचा भाग) शांफेरच्या तळ्याच्या दक्षिणेकडून जंगलातल्या वाटेनं सुरलेय गाठायचं. तिथून सिल्व्हाप्लानाच्या तळ्याच्या दक्षिण काठानं सिल्सपर्यंत रुंद खडीची वाट आहे. उजवीकडे पाणी, डावीकडे झाडी, चढ किरकोळ.

सिल्स ते मालोया हा तुकडा मात्र लोकांना फसवतो. तळ्याच्या उत्तरेकडून मुख्य रस्ता जातो आणि त्यावर वाहतूक आहे. दक्षिणेकडून इसोला वस्तीवरून वाट आहे. तिचा मालोया ते इसोला हा भाग रुंद आहे, पण इसोला ते सिल्स मुळं, दगड आणि पायी चालणारी मंडळी यांनी भरलेली अरुंद वाट आहे. तिथे उतरून ढकलायची तयारी ठेवा, किंवा सकाळी लवकर, रहदारी सुरू व्हायच्या आत, रस्त्यानं मालोया गाठा. दुसरा पर्याय मला जास्त पटतो, कारण वाऱ्याचं गणितही त्यातच जुळतं (प्रश्न ३).

परत आल्यावर अंगात जोर असेल तर श्टात्सच्या जंगलात शिरा. सेंट मॉरिट्झ, चेलेरीना आणि पोंत्रेसीना यांच्या मधलं हे जंगल खडीच्या रस्त्यांनी विणलेलं आहे आणि मध्ये पोहण्याजोगं छोटं तळं आहे.

८. मालोया ते मार्टीना एका दिवसात होतं का?

होतं. पण उताराचा मार्ग म्हणून हलक्यात घेऊ नका. एस-चान्फपर्यंत सगळं सरळ: सामेदान, बेव्हर, ला पुंट, झुओत्स या गावांच्या बाजूनं नदीच्या बांधावरून आणि कुरणांतून बारीक खडी, वारा पाठीशी. हा भाग इतका भरभर सरतो, की माणसाचा पुढचा अंदाज चुकतो. एस-चान्फ ते त्सेर्नेत्स वाट जंगलातून सतत चढते-उतरते. त्सेर्नेत्सच्या पुढे सुश, लाव्हीन झालं की खरे चढ येतात, कारण गावं वर आहेत आणि नदी खाली. गुआर्दा १६५३ मीटरवर, फ्तानही जवळपास तेवढंच. मग श्कुओल १२५० वर.

दोन दिवस करा आणि मुक्काम त्सेर्नेत्सला टाका. गुआर्दात थांबायला मग वेळ उरतो. घरांच्या भिंतींवर गिलाव्यात कोरलेली नक्षी आहे आणि गाव जपल्याबद्दल १९७५ साली त्याला वाकर पुरस्कार मिळाला होता. घाईत गेलात तर फक्त चढ लक्षात राहतो.

९. घरची मंडळी बरोबर आहेत. मुलांसह करण्याजोगं काही?

रोझेग खोरं. पोंत्रेसीनाहून सुमारे सात किलोमीटर, चढ दोनशे मीटरच्या आसपास, टोकाला १९९९ मीटरवर हॉटेल आणि समोर हिमनद्या. खाजगी मोटारींना बंदी आहे, पण घोडागाड्या चालतात. त्या दिसल्या की बाजूला थांबा, घंटी वाजवू नका, घोडे बिचकतात. ज्यांना सायकल नको ते घोडागाडीनं येऊ शकतात, त्यामुळे आजी-आजोबांनाही त्याच टेबलावर बसता येतं.

दुसरं, बेव्हर खोरं. बेव्हर ते स्पिनास, पाचएक किलोमीटर. स्पिनासला आल्बुला रेल्वे बोगद्याचं तोंड आहे. मुलांना आगगाड्यांचं वेड असेल तर तिथून त्यांना हलवणं कठीण जातं. तिसरं, सिल्स मारियाहून फेक्स खोरं. तिथला चढ सुरुवातीलाच आहे, तो मुलांकडून ढकलत पार करून घ्या.

१०. बर्निना खिंड ग्रॅव्हल सायकलनं करता येते का?

पोंत्रेसीना ते मोर्तेराच सोपं. मोर्तेराचला सायकल लावून हिमनदीकडे पायी जा. वाटेवर कोणत्या साली बर्फाचं टोक कुठे होतं याच्या खुणा लावल्या आहेत. बर्फ अजून पुढे आहे, अजून पुढे आहे, असं करत पावलं संपत नाहीत.

मोर्तेराचच्या वर मात्र वाट माउंटन बाइकची आहे. ग्रॅव्हलवाल्यांनी सरळ आगगाडीत बसून ओस्पित्सिओ बर्निना स्थानक (२२५३ मीटर) गाठावं आणि लागो बिआंकोच्या काठाकाठानं फिरावं. इथे थोड्याच अंतरात दोन तळी आहेत: लेय नाईरचं पाणी इनमधून डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्रात जातं, आणि शेजारच्या लागो बिआंकोचं पो नदीतून एड्रियाटिकमध्ये. पुढे आल्प ग्र्युमपर्यंत जाता येतं. परतीचा चढ जमेला धरा. लाल डब्यांची साधी गाडी सायकल घेते, काचेच्या छताची बर्निना एक्स्प्रेस घेत नाही (प्रश्न १५).

११. एकच मोठा मार्ग करायचा असेल तर कोणता?

श्कुओल – एस-चार्ल – कोस्ताईनास खिंड – ल्यू – ऑफेन खिंड – त्सेर्नेत्स – श्कुओल. साधारण ९० किलोमीटरचा फेरा, आणि चढ दोन खिंडींचा.

श्कुओलहून क्लेम्जा ओढ्याच्या घळीच्या कडेनं रस्ता एस-चार्लपर्यंत (१८१० मीटर) चढतो. उन्हाळ्यात यावर पिवळी पोस्टबस चालते. अरुंद वळणांवर तिचा तीन सुरांचा भोंगा ऐकू आला की कडेला व्हा. एस-चार्ल हे जुन्या शिसं-चांदीच्या खाणींचं गाव. स्वित्झर्लंडमधलं शेवटचं अस्वल १९०४ साली याच खोऱ्यात मारलं गेलं. त्यानंतर शंभर वर्षांनी, २००५ मध्ये, इटलीकडून आलेलं एक अस्वल या भागात पुन्हा दिसलं.

एस-चार्लच्या वर रस्ता रुंद खडीचा आहे आणि कुरणांतून हळूहळू चढतो. बाजूच्या उतारावर तामांगुरचं स्टोन पाइनचं जुनं जंगल आहे, शेकडो वर्षं वयाची वळलेली झाडं. २२५१ मीटरवरची कोस्ताईनास खिंड अगदी सौम्य आहे. ‘हीच का खिंड’ असं विचारत लोक पुढे जातात. शेवटचा थोडा भाग अरुंद आहे, बाकी चालवण्याजोगं. पलीकडे ल्यू (१९२० मीटर) आणि मुस्टाइर खोरं.

इथपर्यंत येऊन बरेच जण दमतात आणि मग ऑफेन खिंडीचा (२१४९ मीटर) डांबरी चढ समोर येतो. जीव नसेल तर मुस्टाइर खोऱ्यातून पोस्टबसनं त्सेर्नेत्सला परता. ताकद असेल तर एक रात्र मुस्टाइरला राहून तिथला संत योहानचा मठ बघा. आतली भित्तिचित्रं कॅरोलिंजियन काळातली (सुमारे इ.स. ८००) आहेत आणि १९८३ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे.

एक सूचना: मोठ्या पावसानंतर क्लेम्जाच्या घळीत दरड येते आणि एस-चार्लचा रस्ता बंद होतो. निघण्याआधी श्कुओलच्या पर्यटन कार्यालयात विचारा.

१२. नकाशावर राष्ट्रीय उद्यानातून सुंदर वाटा दिसतात. त्या घेता येतील?

नाही. स्विस राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९१४) वाटांवर सायकल चालवायला बंदी आहे. कुत्रा नेता येत नाही, तंबू ठोकता येत नाही, आखलेली वाट सोडता येत नाही. ऑफेन खिंडीचा मुख्य रस्ता उद्यानातून जातो आणि त्यावर सायकल चालते, तेवढाच अपवाद. ‘हातानं ढकलत नेली तर?’ असंही विचारतात. नको. सायकल त्सेर्नेत्सला ठेवा आणि एक दिवस पायी फिरा.

१३. एका ॲपवरून मार्गाची फाइल उतरवली आहे, तिच्यावर ‘ग्रॅव्हल’ असं लिहिलंय. विश्वास ठेवू का?

आधी तपासा. ॲपला वाट कच्ची आहे एवढंच कळतं, तिच्यावर गुडघाभर दगड आहेत हे कळत नाही. स्विसटोपोचा (स्विस सरकारचं नकाशा खातं) अधिकृत नकाशा फुकट बघता येतो आणि त्यात रेषेच्या जाडीवरून वाटेची रुंदी समजते. तुटक बारीक रेषा म्हणजे पायवाट.

जागेवरच्या पाट्याही वाचायला शिका. सायकलींच्या पाट्या लाल असतात. त्यात मार्गाचा क्रमांक फिकट निळ्या चौकोनात असेल तर तो सर्वसाधारण सायकल मार्ग, पिवळसर तपकिरी चौकोनात असेल तर माउंटन बाइकचा. पायी चालण्याच्या पाट्या पिवळ्या. दगडावर पांढरा-लाल-पांढरा पट्टा रंगवलेला असेल तर ती डोंगरवाट, आणि तिथे ग्रॅव्हल सायकल बहुतेक वेळ खांद्यावर असते.

‘ग्रॅव्हल’ म्हणून फिरणाऱ्या फायलींमध्ये दोन नावं हमखास येतात. एक, उईना खोरं: सुर एनच्या वरच्या भागात वाट उभ्या कड्यात कोरलेली आहे, एका बाजूला दरी, आणि तिथे सायकल ढकलतच न्यायची असते. दोन, एस-चान्फहून इटलीतल्या लिविन्योला जाणारी शाशाउना खिंड: माथा २६९४ मीटर, आणि वरचा चढ इतका उभा की माउंटन बाइकवालेही उतरतात. दोन्ही जागा देखण्या, पण ग्रॅव्हलच्या नाहीत.

१४. उम्ब्राइल खिंडीवर खडीचा रस्ता आहे असं वाचलं होतं.

होता. त्यावरचा शेवटचा कच्चा तुकडा २०१५ पर्यंत डांबरी झाला. जुने लेख अजून फिरतात. खडीच हवी असेल तर शेजारच्या सांता मारियाहून डोस राडोंदवरून (२२३४ मीटर) मोरा खोऱ्यात उतरा. मुस्टाइर खोऱ्यातून साडेआठशे मीटरहून जास्त चढ आहे, पण वर पोचल्यावर मैलोगणती शांत कुरण. इटलीच्या बाजूला सान जाकोमो तळ्याकडे जाताना मात्र वाट अरुंद होते, तिथे घाई नको.

१५. आगगाडीत सायकल नेता येते का? स्विस ट्रॅव्हल पासमध्ये ती धरली जाते?

नेता येते, पण पास माणसाचा असतो. सायकलीसाठी वेगळं तिकीट काढावं लागतं. पुढचं चाक काढून सायकल पिशवीत घातली तर ती हातसामान म्हणून फुकट जाते. झ्युरिककडून येताना काही इंटरसिटी गाड्यांत उन्हाळी हंगामात सायकलीच्या जागेचं आरक्षण सक्तीचं असतं. ऱ्हेटियन रेल्वेच्या (ग्राउब्युंडेनची स्थानिक रेल्वे) साध्या गाड्यांत सायकलीच्या खुणेचा डबा शोधा.

सेंट मॉरिट्झच्या पुढे मालोयाकडे रेल्वे नाही, बस आहे. खालच्या बाजूला रेल्वे श्कुओल-तारास्प स्थानकाशी संपते, मार्टीनाला पुन्हा बस. बसमध्ये सायकलींच्या जागा मोजक्या, तेव्हा आधी आरक्षण करा. पाच-सहा जणांचा गट असेल तर बसवर अवलंबूनच राहू नका.

१६. वाटेत गाई आडव्या बसलेल्या असतात. आपल्याकडच्यासारखं बाजूनं काढायची का सायकल?

आपल्याकडच्या गाईला माणसांची सवय असते, इथल्या कुरणातली वासरांसह असलेली गाय वासराच्या बाबतीत फार सावध असते. उतरा, लांबून वळसा घाला, गाय आणि वासरू यांच्या मध्ये येऊ नका. वासरू कितीही गोड दिसलं तरी हात लावू नका.

मेंढ्यांच्या कळपाबरोबर राखणीचे मोठे पांढरे कुत्रे असू शकतात. भुंकत धावून आले तर पळ काढायचा नाही. थांबा, सायकलवरून उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा, शांत आवाजात बोला. त्याची खात्री पटली की कळपाला लांब ठेवून ढकलत पुढे जा.

फाटक उघडलं तर बंद करा. विजेच्या तारेला प्लॅस्टिकची मूठ असते, तिथेच धरायचं आणि परत अडकवायचं.

१७. पायवाटेवर सायकल चालवणं बेकायदा आहे का?

ग्राउब्युंडेनमध्ये साधारण रीत अशी, की जिथे मनाईची पाटी नाही तिथे चालणारे आणि सायकलवाले वाट वाटून घेतात, आणि चालणाऱ्यांचा हक्क पहिला. ही सवलत सगळ्या कँटनमध्ये नाही, म्हणून इथे ती जपून वापरली जाते. वेग कमी करा, लांबूनच आवाज द्या, ‘ग्र्युएत्सी’ किंवा इथल्या रोमान्श भाषा बोलणाऱ्या लोकांचं ‘आल्लेग्रा’ म्हणा.

१८. शाकाहारी माणसाचं काय होतं?

उपास घडत नाही, पण विचारल्याशिवाय काही मागवू नका. बार्लीच्या सूपमध्ये बहुधा वाळवलेल्या मांसाचे तुकडे असतात. कापुन्समध्ये, म्हणजे पानात गुंडाळलेल्या पिठाच्या गोळ्यांमध्येही. पित्सोकेल (पिठाचे छोटे उकडलेले तुकडे) आणि र्‍योश्टी (किसून परतलेले बटाटे) यांच्यावर स्पेक (खारवलेलं डुकराचं मांस) टाकायची पद्धत आहे. ‘ओने फ्लाइश’ (मांसाशिवाय) म्हटलं की समजतं. चीज, बटाटे, पास्ता, सॅलड सगळीकडे. सायकलवाल्याच्या खिशात घालायला अक्रोडाची नुसटॉर्ट सगळ्यात उत्तम: कॅरॅमल, अक्रोड आणि लोण्याचं कवच, एका तुकड्यात एक खिंड होते. अंडं वर्ज्य असेल तर तीही विचारून घ्या.

गावातली छोटी दुकानं दुपारच्या जेवणाच्या वेळी आणि रविवारी बंद असतात. शनिवारी संध्याकाळीच भरून ठेवा. पाण्याची चिंता नाही: प्रत्येक गावात दगडी कुंडाचा नळ वाहत असतो आणि ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी नसेल तर ते पिण्याचं. श्कुओलच्या काही कुंडांवर दोन नळ आहेत, एकातून साधं पाणी आणि दुसऱ्यातून लोहाची चव असलेलं खनिज पाणी. बाटली भरण्याआधी एक घोट घेऊन बघा.

१९. ई-बाइकला काही वेगळे नियम?

२५ किलोमीटर वेगापर्यंत मदत करणारी ई-बाइक बहुतांशी साध्या सायकलीसारखी धरतात. ४५ पर्यंतच्या वेगवान ई-बाइकला नंबरप्लेट आणि हेल्मेट लागतं. एप्रिल २०२२ पासून सगळ्या ई-बाइकना दिवसाही दिवा चालू ठेवावा लागतो. साध्या सायकलीला हेल्मेटची सक्ती नाही, पण खडीच्या उतारावर ते नसणं हा शुद्ध वेडेपणा.

२०. अपघात झाला तर?

११२ सगळीकडे चालतो. रुग्णवाहिका १४४, हवाई बचाव पथक रेगा १४१४. फोनवरून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश सांगता येतील असं ॲप आधीच ठेवा. शेंगेन व्हिसासाठी घेतलेल्या विम्यात डोंगरातून हेलिकॉप्टरनं उचलण्याचा खर्च आणि सायकलिंग, दोन्ही धरलं आहे का ते वाचा. काही पॉलिसी ‘साहसी खेळ’ म्हणून हात वर करतात आणि उचलण्याचं बिल मोठं असतं.

जर्मनीतून येणाऱ्यांसाठी: तुमच्या फोनच्या युरोपीय रोमिंगमध्ये स्वित्झर्लंड असेलच असं नाही. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

२१. लिविन्योला जाऊन यायचं आहे. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत येता येतं का?

येतं. लिविन्यो इटलीत आहे, पण इटली आणि स्वित्झर्लंड दोन्ही शेंगेनमध्ये असल्यानं ही हद्द ओलांडणं म्हणजे शेंगेनबाहेर जाणं नव्हे. तरी पासपोर्ट जवळ असू द्या, तपासणी होऊ शकते. लिविन्यो करमुक्त आहे, त्यामुळे अधिकारी तुमच्यापेक्षा तुमच्या पिशवीतल्या बाटल्यांकडे जास्त बघतात.

खरी अडचण वाटेची आहे. ऑफेनच्या रस्त्यावरून लिविन्योला जाणारा मुन्त ला श्केरा बोगदा एकपदरी आहे आणि त्यात सायकल चालवता येत नाही. सायकल बसमध्ये घालूनच पलीकडे जावं लागतं, म्हणून परतीच्या बसची वेळ जातानाच बघून ठेवा. बोगदा टाळायचा तर मोरा खोऱ्यातून (प्रश्न १४) सान जाकोमो तळं आणि तिथून आल्पिसेला खिंडीनं लिविन्यो, असा खडीचा मार्ग आहे. त्यासाठी पूर्ण दिवस, चांगली हवा आणि लिविन्योत मुक्काम धरा.